निरोगी माणसाचं रक्त

"यंत्रच बिघडलंय," प्रयोगशाळेत रक्त तपासणारी ती चौथ्यांदा म्हणाली आणि तिने घामेजलेलं कपाळ पुसलं.

वॉर्डातून डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले होते. फवारणीचं औषध पोटात गेलेला माळी तीन दिवस कृत्रिम श्वासावर होता. ते विष अंगात भिनलं की रक्तातला एक आकडा कोसळतो, माणूस सावरला की चढतो. माळ्याचा आज आणखी उतरला होता. तो खरा असेल तर औषध तातडीने वाढवायला हवं होतं. खोटा असेल तर जास्तीचा डोस त्यालाच बाधला असता. त्याची बायको दाराशी येऊन तीनदा विचारून गेली होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

यंत्रावरचा संशय उगाच नव्हता. प्रयोगशाळेची रीतच होती, रोग्याच्या रक्ताशेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त लावायचं, म्हणजे यंत्राची लबाडी पकडता येते. या महिन्यात तो मान तपासणारीचा, तिचा स्वतःचाच होता. सोमवारी तिचा आकडा सात हजार होता. आज, शुक्रवारी, जेमतेम तीन.

तिने रसायनाचा नवा डबा फोडला, नळ्या धुतल्या, यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आकडा तसाच.

"जरा बसा, कॉफी घ्या," शिपाईमामा म्हणाले. "लग्नाच्या बारा वर्षांत तुमच्या साहेबांनी घरी कधी कप विसळला नाही, आणि आता रोज थर्मास भरून देतात. नशीब काढलंत."

तिलाही त्याचं अप्रूप होतंच. कॉफी कडवट व्हायची, पण एवढ्या हौसेने करणाऱ्याला नावं कोण ठेवणार? ती दोन चमचे साखर जास्त घालून प्यायची. मामांना मधुमेह, ते शिवायचे नाहीत.

एकाएकी तिला सुचलं. तिने मामांनाच खुर्चीत बसवलं, त्यांचं रक्त काढलं आणि लावलं.

सात हजार दोनशे.

तिने धावत जाऊन फोन उचलला. "डॉक्टर, यंत्र ठणठणीत आहे. माळ्याचा आकडा खरा आहे, औषध वाढवा."

पलीकडे धावपळ ऐकू आली. माळ्याला वेळेत औषध मिळणार होतं. तिला फार बरं वाटलं.

"म्हणजे यंत्र बिचारं खरंच बोलत होतं," मामा हसले.

तीही हसली. डोळ्यांतलं पाणी पुसून तिने रिकामा थर्मास पिशवीत टाकला, तेवढ्यात मोबाइल वाजला. नवरा होता.

"आजही सगळी संपवलीस ना?"