हिरवा आकडा

लेक खोकली की बाप खिडकीतून चौकातल्या फलकाकडे बोट दाखवायचा. “हवेचा आकडा बघ, हिरवागार! सगळ्यांत निरोगी शहर म्हणून घरदार उचलून आलो इथे. शाळा बुडवायची नाटकं पुरेत, राणीसाहेब.” आईला मात्र लेकीचा नाही, त्या आकड्याचाच संशय. आज दोघांना ओढतच तिने गच्चीवर नेलं. तिथे त्या फलकासाठी बसवलेल्या हवा मोजणाऱ्या यंत्राला फुलाफुलांची खोळ घातलेली! गच्ची झाडणाऱ्या मावशी लाजल्या. “धूळ फार हो इथली. बिचाऱ्याच्या नाकातोंडात जायची, म्हणून मीच शिवली. गोड दिसतंय की नाही?” आईने खोळ उतरवली, आतून पांढरीशुभ्र, बाहेरून काजळलेली. लेक कठड्याकडे धावली. खाली फलक पिवळा झाला, मग लालभडक. “बाबा, मी खरंच...” म्हणताना तिला ढास लागली. बापाने फलकावरून नजर हटवली. गुडघ्यांवर बसून त्याने पहिल्यांदाच तिच्या छातीला कान लावला.