निळा दोरा

आई गेली; तिच्या पुण्यानुमोदनानंतर तिची पुस्तकं अल्लीपूरच्या विहारातल्या वाचनालयाला द्यायला काढली. त्यातल्या एका कादंबरीतली शृंगाराची पानं आईने मी शाळेत असताना सुईदोऱ्याने शिवून टाकली होती. “तुह्या वाचण्यात येऊ नाई म्हणून शिवले वो तिनं,” मावशी म्हणाली. “मी कॉलेजात दुसरी प्रत वाचली, मावशी.” ती खुदकन हसली. तिशीत विधवा झालेल्या आईला असल्या लिखाणाची किळसच असेल, असं मला वाटायचं. टाके उसवायला पुस्तक उजेडात धरलं, तर पानांच्या कडेला भोकंच भोकं दिसली. त्यांत लाल, हिरव्या दोऱ्यांचे तुकडे अडकलेले. आत्ताचा दोरा निळा, यंदाच्या भीमजयंतीला तिने शिवलेल्या माझ्या ब्लाउजचा. “म्हणजे उसवून वाचे अन् पुन्हा शिवे?” मावशीने विचारलं. मी मान डोलावली. पुस्तक आपल्या पिशवीत टाकत ती म्हणाली, “थ्या निळ्या दोऱ्याचं रीळ बी दे.”