वीस बाटल्या

झूमवर शिरताना चंद्रहासने स्वतःचं नाव पुसून तिथे इंग्रजीत ‘दूधवाला’ असं टाकलं आणि कॅमेऱ्यासमोर दुधाचे दोन कार्टन आणून मांडले. बावन्न वर्षांचा बाप्या, पण दिवसाला एक खोडी काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधल्या त्या किचनमध्ये त्याची सोळा वर्षांची स्मृती टोस्ट खात बसली होती. तिने कपाळाला हात लावला.

फेब्रुवारी दोन हजार एकवीसमधला रविवार. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, विमानाचं तर नावच नको. म्हणून लंडनजवळच्या हाउन्स्लोतली, त्याच्या लहानपणच्या गल्लीतली सगळी पोरं, आता पन्नाशीची झालेली, स्क्रीनवर जमली होती. पॉलीन सगळ्यांच्या आठवणी लिहून घेत होती. छोटंसं पुस्तक काढायचं होतं.

‘दूधवाला’ वाचून ती खिदळली. म्हणाली, मग आता मुरलीची गोष्ट झालीच पाहिजे.

मुरलीधर काही यायचा नाही, असं चंद्रहासने धरून ठेवलं होतं. त्रेचाळीस वर्षांत कधी आला होता? पण खालच्या कोपऱ्यातला काळा चौकोन उजळला आणि त्यात मुरली दिसला. टक्कल पडलेलं, मान जरा एका बाजूला कललेली. त्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक याचं, एक त्याचं.

गोष्ट पॉलीननेच रंगवून सांगितली. झोपण्याआधी रिकाम्या बाटल्या धुऊन दाराबाहेर ठेवायच्या आणि एकीच्या तोंडात चिठ्ठी खोचायची, उद्या किती हव्यात त्याची. दूधवाला पहाटे येऊन रिकाम्या न्यायचा, भरलेल्या ठेवायचा. एकदा तिच्या आईची ‘दोन’ची चिठ्ठी कुणीतरी काढली आणि ‘वीस’ची खोचली. सकाळी दार उघडलं तर पायरीवर बाटल्यांची पलटण. आठवडाभर घरात नुसतं कस्टर्ड. आणि चिठ्ठीवरचं ते वळणदार अक्षर अख्ख्या गल्लीत एकाच पोराचं, मुरलीचं.

सगळे हसले. चंद्रहास सगळ्यांत मोठ्याने हसला.

स्मृतीला मराठी कळायचं सगळं, पण बोलायची ती तिच्या डब्लिनच्या इंग्रजीत. तिने विचारलं, तुझे सगळे उद्योग मला पाठ आहेत, मग एवढी भारी गोष्ट कधी सांगितली कशी नाहीस?

“ती माझी नव्हे,” तो म्हणाला.

मुरलीही हसत होता. सांगत होता, बाबांना गोऱ्या शेजारणीपुढे मान खाली घालावी लागली. त्यांनी डाव्या कानाखाली एकच ठेवून दिली. तेव्हापासून तो कान सुट्टीवर गेलाय, आणि उजवाही आता रिटायर व्हायला आलाय. लोकांच्या ओठांवर नजर ठेवून निभावून नेतो. मास्क आल्यापासून दुकानात नुसता खुळ्यासारखा उभा असतो. झूम बरं बाबा, सगळ्यांची तोंडं उघडी.

पुन्हा हशा. चंद्रहासचं हसू मात्र अर्ध्यावरच राहिलं.

कानाखाली बसली हे त्याला माहीत होतं. कुंपणाआड लपून त्याने तो आवाज ऐकला होता, तोंडावर हात दाबून हसलाही होता. नऊ वर्षांचा होता. महिन्याभरात मुरलीचं बिऱ्हाड लेस्टरला गेलं. कानाचं आज कळत होतं.

त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लगेच पकडला गेला असता. म्हणून मुरलीच्या वहीतलं पान फाडून, जीभ बाहेर काढून, त्याने मुरलीचं एकेक वळण गिरवलं होतं. आयुष्यातली सगळ्यांत बेस्ट खोडी, आणि तिच्यावर नाव दुसऱ्याचं.

सांगून टाकावं असं वाटलं. पण सगळ्यांसमोर कसं सांगणार? मग त्याने बेल वाजवून पळायची जुनीच युक्ती केली. माइक बंद केला. कळलं तर एकट्या मुरलीला कळेल, नाही कळलं तर आपण सुटलो. कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत तो म्हणाला, “मुरल्या, ती चिठ्ठी मी लिहिली होती. तुझं अक्षर काढून.”

स्मृती घास चावायची थांबली.

पॉलीन ओरडून सांगत होती, दूधवाल्या, तुझा माइक बंद आहे.

मुरली स्क्रीनच्या इतका जवळ आला की चौकोनात नुसते डोळेच उरले. मग मागे टेकला आणि मराठीत बोलला.

“गेल्या एप्रिलमध्ये बाबा गेले, चंद्या. हॉस्पिटलात नर्सने व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट धरला होता. सारखे माफी मागत होते कानाची. तू नाही नाही म्हणत होतास, मी ऐकलंच नाही, म्हणत होते. थांबेचनात रे. शेवटी मी सांगितलं, बाबा, चिठ्ठी मीच लिहिली होती. तेव्हा कुठे शांत झाले.” त्याने चष्मा काढून पुसला. “तेव्हा आता ती माझीच राहू दे.”

चंद्रहासचं बोट माइकच्या बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

बाकीच्यांना ओ की ठो कळेना. काय म्हणतोय काय तो दूधवाला, पॉलीनने विचारलं.

“काही नाही,” मुरली हसून इंग्रजीत म्हणाला. “रिकाम्या बाटल्या मागतोय परत.”