पोटदुखीची रजा

पोट बिघडलंय असं लाकूड कापायच्या कारखान्यात फोनवर कळवून डेल्मर सकाळीच रेस ट्रॅकच्या पत्र्याच्या गॅलरीत येऊन बसला. रविवारच्या शर्यतीत कोणती गाडी सगळ्यांच्या पुढे उभी राहणार ते आज ठरणार होतं, आणि त्याच्या लाडक्या अकरा नंबरची पाळी अजून यायची होती. कानांवर हेडफोन चढवून तो उकडलेले शेंगदाणे खात होता, तेवढ्यात पायऱ्या चढून येणारे फोरमन हॉइट त्याला दिसले. डेल्मरने टोपी डोळ्यांवर ओढली, पण ते सरळ त्याच्याच शेजारी येऊन बसले.

"सकाळी खरंच दुखत होतं हो, साहेब," हेडफोन काढत डेल्मर म्हणाला.

"असू दे. तू इथेच सापडशील हे ठाऊक होतं मला."

"कामावरून काढताय का?"

"नाही रे. तुझी गाडी आली बघ."

अकरा नंबर असा सुसाट गेला की पायाखालचे पत्रे थरथरले. सगळ्यांत कमी वेळ त्याचाच लागला. डेल्मर उठून नाचला, ओरडला. हॉइट मात्र मांडीवर हात ठेवून बसून राहिले. त्याने पुढे केलेले शेंगदाणेही त्यांनी घेतले नाहीत.

"सोमवारी जास्त थांबून आजचं काम भरून काढतो, साहेब," डेल्मर ओशाळून म्हणाला.



"आज करवतीवर तुझ्या जागी मी तुझ्या भावाला उभं केलं होतं, डेल्मर," हॉइट म्हणाले. "चल. तुझ्या आईला अजून कुणी सांगितलेलं नाही."