बटणं चांगली आहेत

तिसरा लॅपटॉप काउंटरवर ठेवून दुकानदार म्हणाला, “हा बघा हात लावून, आलोच,” आणि आतल्या खोलीत गेला.

आधीचे दोन त्याने चालू करून समोर ठेवले होते आणि बाईंनी ते नापास केले होते. पहिल्याची बटणं म्हणे सादळलेल्या बिस्किटांसारखी, दुसऱ्याची इतकी चपटी की बोटाला पत्ताच लागू नये. बरोबर आलेली लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने आठवडाभर चौकशा करून यादी आणली होती. रॅम किती हवी, स्क्रीन केवढा, बॅटरी किती तास, आणि काही झालं तरी बजेटच्या वर जायचं नाही. बाईंना त्यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्या नुसती बटणं दाबून बघत होत्या. पहिलाच लॅपटॉप घेणारी माणसं दहा बघतात आणि घरी जाऊन विचार करतात, असा दुकानदाराचा अनुभव होता, त्यामुळे तोही फार जोर लावत नव्हता.

बाई कचेरीच्या बाहेर टायपिंग करायच्या. एकतीस वर्षं तेच टेबल, तेच मशीन. येत्या एक तारखेपासून कचेरी फक्त कॉम्प्युटरवर केलेले कागद घेणार होती. ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्याचं टेबल उठणार. टेबल उठलं तर बाईंनी दिवसभर करायचं काय, हे घरात कोणी मोठ्याने विचारलं नव्हतं.

तिसऱ्याच्या बटणांवरून त्यांनी बोटं फिरवली. हा कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला, जाडजूड, जुन्या बनावटीचा. बटण पूर्ण खाली जायचं आणि टक् करून वर यायचं. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, पाठ ताठ केली आणि टायपिंग सुरू केलं.

लेक यादीत डोकं घालून बसली होती. आवाज आला तरी तिने वर पाहिलं नाही. त्या आवाजातच ती वाढली होती. शाळा सुटली की आईच्या टेबलाशी बसून अभ्यास करायची, आणि प्रतिज्ञापत्राचा मजकूर तिला तेव्हापासून पाढ्यांसारखा पाठ होता.

पानभर मजकूर होईल एवढा वेळ बाई थांबल्या नाहीत. मग हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, “वाच. एक चूक दाखव.”

लेकीने पाहिलं. लॅपटॉप बंद होता. काळ्या काचेत छतावरची ट्यूब दिसत होती आणि ट्यूबखाली त्या दोघी.

आधी तिला वाटलं, आई थट्टा करतेय. फिरकी घ्यायची आईला हौसच होती. पण बाई त्या काचेकडे सरळ बघत होत्या आणि शाबासकीची वाट बघत होत्या.

तिने वाचायला सुरुवात केली. ‘मी खाली सही करणार’ असं म्हणून नावाच्या जागी काहीतरी पुटपुटली आणि ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’पासून न अडखळता शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

“तू वाचत नाहीयेस,” बाई म्हणाल्या. “म्हणून दाखवतेयस. वाचणारा माणूस नावाशी थांबतो. नाव परत वाच.”

लेकीने हातातली यादी दुमडली.

“कोरं आहे ना?”

“बंदच आहे तो, आई.”

बाईंनी काचेला हात लावून पाहिला आणि मागे घेतला. मग खालच्या आवाजात सांगितलं. सात-आठ महिने झाले. डोळ्याची नस सुकत चाललीय, चष्म्याने भागायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. समोर आलेला माणूस कळतो, अक्षर कळत नाही. मशीनवर अडत नव्हतं. गिऱ्हाईक सांगायचं, त्या टाइप करायच्या. ओळ संपत आली की घंटी वाजायची. पान झालं की त्या गिऱ्हाइकालाच म्हणायच्या, एकदा मोठ्याने वाचा आणि मगच सही करा. सगळ्यांना वाटायचं, बाई कामाला किती चोख.

दिवसभरात कितीतरी लोकांच्या डोळ्यांत घालायचे थेंब लेकीच्या हातून जायचे, आणि एका घरात राहून तिला हे कळलं नव्हतं. तिला लाज वाटली. आईचा रागही आला.

“चल, घरी जाऊ,” ती म्हणाली.

“घरी जाऊन काय करू?” बाई म्हणाल्या आणि स्टुलावरून हलल्या नाहीत.

दुकानदार चार्जर घेऊन आला. याची बॅटरी पार उतरलीय, सांगायचंच राहिलं, असं म्हणत त्याने वायर लावली. लॅपटॉप चालू झाला. पसंत आहे का, त्याने विचारलं.

“बटणं चांगली आहेत,” बाई म्हणाल्या. “पण हा चालू आहे हे कळतं कसं?”

इतका सोपा प्रश्न आलेला पाहून दुकानदाराला बरं वाटलं. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हे बघा, इथे बारीकसा निळा दिवा लागतो. तो लागला की समजायचं, चालू. दिसला?”

लेक काही बोलणार, तोच बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“दिसला,” उजव्या कोपऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या.