उरलेलं कुलूप

टाकीत उतरणाऱ्यानं, आत असताना कोणी तिच्यातला मिक्सर चालू करू नये म्हणून, त्याच्या स्विचला आपल्या नावाचं कुलूप लावायचं आणि वर आल्यावर ते स्वतःच काढायचं, हा कारखान्याचा नियम.

शिनोहारानं वर येऊन आपलं कुलूप काढलं, खिशात टाकलं. तरी स्विचला आणखी एक लटकत होतं. त्यावर त्याचंच नाव होतं, त्याच्याच तिरक्या अक्षरात.

“साहेब, हे माझं नाही.”

“मग काय माझ्या सासऱ्याचं?” मुकादम कुसाकाबे खेकसले. “सगळे वर आलेत. काढ लवकर!”

त्याची किल्ली त्यात अलगद फिरली. शिनोहारानं रोजच्यासारखं टाकीकडे बोट रोखून मोठ्यानं म्हटलं, “आत कोणी नाही!”

“थांबा, मी आहे!” खालून त्याचाच आवाज आला.

कुसाकाबेंचा स्विचकडे गेलेला हात थबकला. ते टाकीत वाकले.

“शिनोहारा? अरे, मग वर हा कोण आलाय?”