पोळ्याला आलेला जावई

ट्रॅक्टर पांदणीत आडवा उभा होता आणि सीटवर शेजारच्या शेतातल्या नागोरावांचा जावई पाय पसरून मोबाइल बघत बसला होता. ट्रॅक्टरच्या अलीकडे नानाजींची बैलगाडी अडली होती. तिच्यात शिगोशीग कापूस आणि वर भरून आलेलं आभाळ. भिजलेला कापूस पिवळा पडतो, मग व्यापारी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि नानाजींच्या शेतातून बाहेर पडायला या पांदणीशिवाय दुसरी वाट नव्हती.

नानाजींनी मागे वळून गाडीत बसलेल्या लेकीकडे पाहिलं.

समीक्षा कालच सुट्टीवर आली होती. ती लष्करी पोलिसात होती, लाल टोपीवाली. तिची निवड झाली तेव्हा गावाने चौकात फ्लेक्स लावला: 'गावाची पहिली महिला पोलीस'. जागा पुरली नाही म्हणून फ्लेक्सवाल्याने 'लष्करी' हा शब्द गाळला आणि तिच्यामागे कायमचं झेंगट लावून दिलं. कुणाची मोटर चोरीला गेली, कुणी कुणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, की फोन समीक्षाला.

आज सकाळपासून बापाला समजावून ती थकली होती. तिचा कायदा फौजेतल्या माणसांपुरता. जवान चुकला तर त्याला ती धरू शकते, पण साध्या नागरिकाच्या बाहीलाही हात लावू शकत नाही. नानाजींना हे पटत नव्हतं. पांदण आपल्या शेतातून जाते असं म्हणत नागोरावांनी ती अडवल्यापासून नानाजींनी कमी खेटे घातले नव्हते. ठाण्यातून सांगितलं, हे काम तहसीलचं. तहसिलात पुढची तारीख मिळाली. आता घरची पोलीस आली, तर तीही हात वर करत होती. नुसती लाल टोपी घालून पांदणीत उभी राहा, एवढंच ते मागत होते. तिने त्यालाही नकार दिला तेव्हा ते भडकले.

"मंग या गावात तुह्या कायद्यात येते तरी कोन?"

कोणीच नाही, असं तिने सांगितलं होतं. सांगताना तिला स्वतःची लाज वाटली होती.

आता ती गाडीवरून उतरली आणि ट्रॅक्टरजवळ गेली. हा जावई पोळ्याला सासुरवाडीला आला, तो दिवाळी होऊन गेली तरी हललेला नव्हता. गावात त्यावरून टवाळी चालायची, पण पाठीमागे. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. कुठेतरी बाहेर मोठ्या नोकरीवर आहे, एवढंच गावाला माहीत होतं.

समीक्षाने चक्क हात जोडले. आजच्या दिवस गाडी जाऊ द्या, मग तुमचं काय ते तहसिलात बघू, असं विनवलं. त्याने मोबाइलवरून नजरही उचलली नाही. धुऱ्यावर उभे नागोराव मजेत तंबाखू मळत होते. लांब कुठेतरी गडगडलं. समीक्षाला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. कसली पोलीस आणि कसलं काय. ती मागे फिरली आणि नानाजींना बैल वळवायला सांगू लागली.

पण जावयाचं तेवढ्याने समाधान झालं नाही. तो मागून म्हणाला, "ठाण्यात जा, नाही तं कोठीबी जा. मी फौजी हाय. पोलीस मले हात नाही लावू शकत."

समीक्षाचा पाय गाडीच्या चाकावर होता. तो तिने खाली घेतला.

सुट्टीवर कधीपासून आहात, तिने अगदी आदराने विचारलं. उत्तर नागोरावांनीच दिलं, आणि तेही छाती फुगवून.

"पोळ्यापासून हायेत. साहेबाचा लय जीव हाय जावईबापूवर. पाह्यजे तेवढी सुट्टी देते."

फौजेतला कोणताही साहेब कुणावर इतका जीव लावत नाही; सुट्टी संपूनही न परतलेला जवान फौजेच्या लेखी फरार असतो. समीक्षाने मोबाइल काढला आणि जावयाला त्याचं युनिट विचारलं, नंबर विचारला. आता तिचा आवाज गावातला नव्हता. जावयाचे पसरलेले पाय आपोआप जुळले. त्याने एकदा तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर मागे सरकत सरकत नागोरावांच्याच कपाशीत शिरला. नागोराव ओरडायचंही विसरले.

नानाजींनी बैल हाकले. गाडी पांदणीतून बाहेर पडली आणि गावाच्या वाटेला लागली. थेंब अजून पडला नव्हता.

जावई खाली उतरून समीक्षाजवळ आला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"ताई, रस्ता मोकळा केला न. आता तो फोन ठेवा."

तिने आपल्या युनिटला फोन लावून कानाला धरला. पलीकडे रिंग जात होती.

"रस्ता माह्या कायद्यात येत नाही," ती म्हणाली. "तू येतं."